'अल्फा दर्जा', 'जागतिक शहर' आणि 'क्रमवारी'

विचारणा अशी: "'ग्लोबल सिटी'ला मराठीत वैश्विक नगर म्हणावे की महानगर? आणि 'जगातील प्रभावशाली शहरांच्या क्रमवारीत अमुक शहराला अल्फा दर्जा मिळाला' अशी वाक्ये बातम्यांत येतात, ती बरोबर आहेत का?"

पहिल्याचे उत्तर: जागतिक शहर, म्हणजे जगाच्या आर्थिक व्यवहारांचे केंद्र असलेले शहर. 'वैश्विक' या अर्थाने हिंदीत रुळलेला आहे; मराठीत त्याचा ओढा विश्वाकडे, म्हणजे अवकाशाकडे आहे. वैश्विक किरण तिथून येतात, लंडनहून नव्हे. 'महानगर' फक्त आकार सांगतो, आणि महानगरपालिकांमुळे तो प्रशासनाच्या कप्प्यात जाऊन बसला आहे. एक कोटी किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांचा संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत वेगळा गट असतो, त्याला 'महाकाय शहर' म्हणता येईल. काँगोची राजधानी किन्शासा त्या गटात आहे. झुरिकची वस्ती पाच लाखांहूनही कमी, तरी शहरांचे अल्फा, बीटा, गॅमा असे गट पाडणाऱ्या २०१८च्या यादीत ते अल्फा श्रेणीत होते. 'जगप्रसिद्ध' म्हणाल तर व्हेनिस आहेच, पण त्याला कुणी या अर्थाने जागतिक म्हणत नाही. 'आंतरराष्ट्रीय शहर' तर अजिबात नको. मोरोक्कोतल्या टँजियरसारख्या, अनेक देशांच्या संयुक्त कारभाराखाली राहिलेल्या प्रदेशासाठी तो शब्द राखून ठेवावा.

अभ्यासकांसाठी एक पोटभेद आहे. पॅट्रिक गेडिस यांनी १९१५मध्ये, पीटर हॉल यांनी १९६६मध्ये आणि जॉन फ्रीडमन यांनी १९८६मध्ये वापरलेली 'वर्ल्ड सिटी' ही संज्ञा वेगळी आणि समाजशास्त्रज्ञ सास्किया सासेन यांनी १९९१मध्ये न्यू यॉर्क, लंडन, टोकियो यांच्यासाठी मुद्दाम निवडलेली 'ग्लोबल सिटी' वेगळी. मराठीत दोन्ही 'जागतिक शहर'च होतात. दोन्ही एकाच लेखात येत असतील तर जुनीला 'विश्वनगर' आणि सासेन यांच्या संज्ञेला 'जागतिक शहर' असे वाटून द्यावे. एरवी हा घोळ घालण्याचे कारण नाही.

दुसऱ्या प्रश्नातल्या वाक्यात मात्र एकेक शब्द अडतो.

'क्रमवारी' म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा. अल्फा, बीटा, गॅमा हे क्रमांक नाहीत. एकेका गटात अनेक शहरे असतात. 'प्रतवारी' मालाची होते, त्यात चांगले-वाईट आले. 'वर्गवारी'त वर-खाली नसते, नुसते वेगळे करणे असते. इथे वर-खाली आहे, गटही आहेत, म्हणून 'श्रेणी'. 'दर्जा' हा कुणीतरी बहाल करावा लागतो, तो मिळतो आणि काढूनही घेता येतो. अल्फा श्रेणी कुणी देत नाही, ती गणितातून निघते. तेव्हा 'दर्जा मिळाला' नको, 'अल्फा श्रेणीत मोडते' किंवा 'गणले जाते' म्हणा.

सर्वांत फसवा शब्द 'प्रभावशाली'. तो का फसवा, हे मोजणी पाहिल्याशिवाय कळत नाही. ही श्रेणी इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात सुरू झालेल्या 'ग्लोबलायझेशन अँड वर्ल्ड सिटीज' या संशोधनगटाची. १९९९च्या त्यांच्या यादीत लेखापालन, जाहिरात, बँकिंग आणि कायदा या चार सेवांना प्रत्येकी जास्तीत जास्त तीन, असे एकूण १२ गुण होते. १० ते १२ अल्फा, ७ ते ९ बीटा, ४ ते ६ गॅमा. एकूण ५५ शहरे. त्यांपैकी लंडन, पॅरिस, न्यू यॉर्क आणि टोकियो यांना पूर्ण १२. वॉशिंग्टनला मिळाले ६, म्हणजे गॅमा! जिथे जागतिक बँक आणि नाणेनिधी बसतात त्या शहराला 'कमी प्रभावशाली' म्हणणे हास्यास्पदच. पण यादीने तसे म्हटलेलेच नाही.

पुढे पद्धत बदलली. आता प्रत्येक सेवा-कंपनीच्या त्या-त्या शहरातल्या कार्यालयाला ० ते ५ गुण देतात: कार्यालय नसेल तर ०, नेहमीचे असेल तर २, मुख्यालय असेल तर ५. मग दोन शहरांतल्या त्याच कंपनीच्या गुणांचा गुणाकार करतात आणि सर्व कंपन्यांची, सर्व शहरांशी होणारी बेरीज घेतात. एका शहरात ५ आणि दुसऱ्यात ३ असतील तर दुवा १५चा. इतरत्र कुठेच कार्यालय नसेल तर पाचाला शून्याने गुणले जाते, आणि भलेमोठे मुख्यालय असूनही शहराच्या पदरी काही पडत नाही. म्हणजे मोजली जाते ती 'जोडणी', प्रभाव नव्हे. २०००मध्ये १०० कंपन्या घेतल्या होत्या, २०१२मध्ये १७५ कंपन्या आणि ५२६ शहरे. कंपन्यांचा संच बदलला की श्रेणीही हलू शकते, म्हणून 'शहराची घसरण' असा मथळा देण्याआधी थांबावे.

गॅमाच्या खालच्या 'सफिशियन्सी' या गटाचे भाषांतर काही जण 'स्वयंपूर्ण शहरे' करतात. ते चुकते. ती शहरे जागतिक शहरांवर उघडपणे विसंबून राहू नयेत इतपत सेवा तिथे असतात, एवढाच अर्थ. 'पुरेशा सेवांची शहरे' म्हणावे.

'क्रमवारी' हा शब्द जिथे शोभतो अशा याद्या वेगळ्या आहेत. कर्नी या सल्लागार कंपनीच्या शहर-निर्देशांकात व्यवसाय आणि मनुष्यबळ यांना प्रत्येकी ३० टक्के, माहितीची देवाणघेवाण आणि सांस्कृतिक अनुभव यांना प्रत्येकी १५ आणि राजकीय सहभागाला १० टक्के वजन असते. तिथे 'प्रभाव' म्हटले तर चालेल. टोकियोतील मोरी मेमोरियल फाउंडेशनची क्रमवारी माणसे, भांडवल आणि उद्योग खेचून घेण्याची क्षमता पाहते. तिच्यासाठी 'प्रभाव'पेक्षा 'ओढ' किंवा 'आकर्षणशक्ती' नेमका.

आता ते वाक्य असे होईल: "सेवा-कंपन्यांच्या जाळ्यातील जोडणीनुसार हे शहर अल्फा श्रेणीत मोडते." मथळ्यात एवढी जागा नसते, तेव्हा "अमुक शहर अल्फा श्रेणीत" पुरे, 'प्रभावशाली' गाळले तर वाक्याचे काही बिघडत नाही. ग्रीक अक्षरांचे 'अ, ब, क' करू नये, कारण वरच्या पायऱ्या 'अल्फा++', 'अल्फा+' अशा लिहिल्या जातात आणि 'अ++' हे परीक्षेच्या निकालासारखे दिसते. लिहिताना विज्ञानाच्या पुस्तकांतले रूप घ्यावे: बीटा, गॅमा, 'बेटा' किंवा 'गामा' नको.