सरकारी निर्णयांच्या बातम्यांवरून सतत वाद होतात. राजकारणाचा अभ्यास नसलेल्या माणसाने असा विषय नीट कसा समजून घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की बातमी येते, दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, नातेवाइकांच्या ग्रुपवर तिसरंच काही फिरतं आणि मूळ निर्णय काय होता हेच शेवटपर्यंत कळत नाही. मी राज्यशास्त्र शिकवते. हा प्रश्न मला विद्यार्थ्यांइतकाच त्यांचे पालकही विचारतात, आणि त्यांना जे सांगते तेच इथे सांगते: कोणाची बाजू बरोबर ते नंतर बघू, आधी तो कागद कुठवर पोचलाय ते बघा. नुसती घोषणा आहे? हरकतींसाठी काढलेला मसुदा आहे? शासन निर्णय आहे, सभागृहात मांडलेलं विधेयक आहे, की लागू झालेला कायदा आहे? घरातल्या निम्म्या वादांत एक जण मसुद्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा कायद्याबद्दल.

जानेवारी 2024 मधला ट्रकचालकांचा संप आठवतोय का? पेट्रोल मिळणार नाही म्हणून पंपांवर रांगा लागल्या होत्या. कारण होतं जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आणलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 106, पोटकलम 2. तेव्हा घरोघरी एकच वाक्य ऐकू येत होतं: 'अपघात झाला की ड्रायव्हरला आता दहा वर्षं जेल आणि सात लाख दंड.' या एका वाक्यात तीन गोष्टी चुकीच्या होत्या.

एक म्हणजे 'आता'. संसदेने डिसेंबर 2023 मध्ये संहिता संमत केली, 25 डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण कायदा लागू झाला नव्हता. संहितेच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की केंद्र सरकार अधिसूचना काढून तारीख ठरवेल, आणि वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळी तारीखही ठरवता येईल. दुसरं, सात लाखांचा आकडा. कलमात दंड आहे, रक्कम नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दहा वर्षांपर्यंतची शिक्षा प्रत्येक अपघाताला नव्हती. बेदरकार आणि निष्काळजीपणे वाहन चालवल्याने मृत्यू झाला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना लवकर न कळवता पळून गेला, तर ती होती. घटनास्थळी थांबूनच राहा असं त्यात म्हटलेलं नाही, कळवा असं म्हटलंय.

एवढं समजलं की खरा वाद दिसायला लागतो, आणि तो खरोखर अवघड आहे. चालक सांगत होते की थांबलो तर जमाव जीव घेतो, पळणं हा गुन्हेगारीपेक्षा भीतीचा प्रश्न आहे. दुसरीकडे धडक बसून रस्त्यावर पडलेला माणूस वेळेत मदत न मिळाल्याने मरतो, आणि जुन्या दंड संहितेच्या 304-अ कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कळवण्याची सोपी, सुरक्षित सोय कोणती, कळवल्याची नोंद चालकाच्या हातात कशी राहील, यावर बोलायला हवं होतं. ते फारच थोडं झालं. केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा केली, हे पोटकलम लागू करण्याआधी तुमच्याशी बोलू असं सांगितलं आणि संप मागे घेतला गेला. संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली तेव्हा 106 चं दुसरं पोटकलम बाजूला ठेवलं होतं. म्हणजे ज्या तरतुदीवरून रांगा लागल्या, ती संहितेबरोबर अमलात आलीच नाही. हे किती जणांपर्यंत पोचलं? माझ्या वर्गात तरी फार थोड्यांना माहीत होतं.

आपल्या राज्यातलं उदाहरणही जानेवारी 2024 मधलंच आहे, मराठा आरक्षणाचं. 'सगेसोयऱ्यां'ची अधिसूचना निघाली आणि गुलाल उधळला गेला. त्या कागदावर 'मसुदा' असं स्पष्ट होतं आणि 16 फेब्रुवारीपर्यंत हरकती व सूचना मागवल्या होत्या. जातीच्या दाखल्यांच्या नियमांत बदल करण्याचा तो प्रस्ताव होता. त्यानंतर फेब्रुवारीत विधिमंडळाने दहा टक्के आरक्षणाचा जो कायदा केला, तो पूर्णपणे वेगळा कागद. तरीही 'दिलं की नाही' या प्रश्नात दोन्ही एकत्र कालवले गेले. या विषयात लोकांच्या आयुष्याची उमेद गुंतलेली आहे. म्हणूनच कोणता कागद कुठल्या टप्प्यावर आहे हे त्यांना स्वच्छ सांगणं मला फार गरजेचं वाटतं.

शासन निर्णयाचं, म्हणजे जीआरचं, प्रकरण अजून निराळं. तो सरकार स्वतःच्या अधिकारात काढतं, विधिमंडळात मतदान लागत नाही, त्यामुळे परतही चटकन घेता येतो. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा जीआर 16 एप्रिल 2025 ला निघाला, 17 जूनला सुधारित आला आणि 29 जूनला दोन्ही रद्द करत असल्याचं सरकारने जाहीर केलं. कायदा असता तर इतक्या कमी दिवसांत हे झालं नसतं. याच्या उलट महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देण्यासाठी आणलेलं शक्ती विधेयक: डिसेंबर 2021 मध्ये आपल्या दोन्ही सभागृहांनी ते संमत केलं, पण फौजदारी कायदा हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा विषय. केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतुदी असल्या तर राष्ट्रपतींची संमती लागते, ती मिळाली नाही, आणि ते कधी कायदा झालंच नाही. अजूनही मला लोक विचारतात की शक्ती कायद्याखाली तक्रार कुठे करायची.

लोकसभा आणि विधानसभांतल्या महिला आरक्षणाचं थोडक्यात सांगते. सप्टेंबर 2023 मध्ये घटनादुरुस्ती संमत झाली, पण आरक्षण प्रत्यक्षात येण्याआधी जनगणना आणि त्यावर आधारलेली मतदारसंघांची पुनर्रचना ही अट मजकुरातच घातलेली होती. मथळ्यात अट मावत नाही, म्हणून ती मजकुरात शोधायची.

कुठे शोधायची? विधेयक उघडलं की घाबरू नका, सगळं वाचायचं नसतं. पहिलं कलम वाचा, त्यात ते कधी आणि कुठे लागू होणार ते असतं. मग शेवटी जोडलेलं 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' वाचा, तिथे सरकार स्वतःच्या शब्दांत कारण सांगतं. त्यानंतर फक्त ज्या कलमावरून वाद चाललाय ते. राज्याची विधेयकं मराठीत मिळतात, जीआर राज्य शासनाच्या संकेतस्थळावर असतात, आणि संसदेतल्या विधेयकांचे सोपे सारांश पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था इंग्रजीत व हिंदीत देते. ग्रुपवरच्या संदेशात कलमाचा क्रमांक नसेल तर तो पुढे पाठवायची घाई करू नका.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त कळकळ आहे ते. बातमी सर्वात मोठी होते ती विधेयक संमत होताना, आणि तेव्हा सामान्य माणसाच्या हातात जवळपास काहीच उरलेलं नसतं. मसुद्याच्या टप्प्यावर मात्र असतं, पण तेव्हा बातमी आतल्या पानावर, कधी नुसत्या जाहीर सूचनेच्या चौकटीत. 2020 साली पर्यावरणीय मंजुरीच्या नियमांचा नवा मसुदा आला, तेव्हा लोकांनी लाखोंच्या संख्येने हरकती पाठवल्या. मसुदा इतर भारतीय भाषांतही हवा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं. 2019 च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यातला हिंदीबाबतचा मजकूर तर तमिळनाडूतल्या विरोधानंतर काही दिवसांतच बदलला गेला. शहराच्या विकास आराखड्यावरही हरकती घेता येतात आणि सुनावणीला बोलावतात. तुमच्या गल्लीतल्या मैदानावर कसलं आरक्षण पडतंय हे त्या नकाशात असतं.

तेव्हा पुढच्या वेळी 'हरकती व सूचना' असे शब्द दिसले की आधी मुदतीची तारीख टिपून ठेवा. हरकत लिहायला वकील लागत नाही. मसुद्याचा क्रमांक आणि दिनांक, कोणत्या कलमाला हरकत आहे, तुमच्यावर त्याचा काय परिणाम होतो आणि त्याऐवजी काय शब्द हवेत, एवढं एका पानात मावतं. प्रत्यक्ष जाऊन दिली तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, ईमेलने पाठवली तर ती जपून ठेवा. कोणत्या मसुद्याबद्दल वाद चाललाय ते प्रतिसादात लिहिलंत तर त्याची मुदत आणि नेमकं कलम शोधायला मी मदत करेन.