भेदभावावर काम करायचंय, मग शिक्षिका कशाला व्हायचं?

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातली, पावरा या आदिवासी समाजाची. घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच. सध्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिपच्या शाळेत आठवीवर पाठ होता. आदल्या दिवशी वर्गशिक्षक म्हणाले, ‘‘मागच्या दोन बाकांना प्रश्न विचारू नका, पाठ पडेल.’’ त्या बाकांवर सगळी पावरी बोलणारी मुलं. मला या भेदभावावरच काम करायचंय. यात करिअर आहे का? वडील म्हणतात, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) दे आणि नोकरीला लाग. मला वाटतं, शाळेत अडकण्यापेक्षा थेट एखाद्या संस्थेत जावं. (नाव छापू नये)

उत्तर : वडिलांचं ऐक. त्यांना नोकरीची हमी हवी आहे आणि त्यात गैर काही नाही. माझं कारण मात्र निराळं आहे. तुला ज्या कामाची ओढ आहे, त्या नावाचं पद आपल्याकडच्या शाळांत नाही. ते काम शिक्षक, डायटमधले (शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या जिल्हा संस्थेतले) अधिव्याख्याता, बी.एड. कॉलेजचे प्राध्यापक, पाठ्यपुस्तकं तयार करणारी माणसं आणि काही संस्था आपापल्या कामातूनच करत असतात. शिक्षकांच्या प्रशिक्षणात उभं राहून ‘भेदभाव करू नका’ असं सांगणाऱ्या व्यक्तीला पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न येतो : ‘‘मॅडम, तुम्ही कधी साठ पोरांचा वर्ग घेतलाय का?’’ ‘हो’ म्हणता आलं तरच पुढचं कुणी ऐकतं.

दुसरं म्हणजे तू शिक्षिका होणं हेच या कामातलं मोठं पाऊल आहे. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हाच मुद्दा मांडला होता. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत. ते प्रशिक्षित असावेत आणि शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे त्या लोकांत मोकळेपणाने मिसळतील, असं त्यांचं म्हणणं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला वारली आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा ही कल्पना मुलांबरोबर रोज वावरल्याशिवाय सुचणारी नव्हती.

आता त्या दोन बाकांकडे येऊ. इंटर्नशिपचे गुण शाळेच्या हातात असतात, तेव्हा वर्गशिक्षकांशी वाद घालू नकोस. पाठ टाचणाच्या मागच्या पानावर बाकांचा नकाशा काढ. प्रत्येक तासाला कुणाला प्रश्न विचारला गेला, कोण बोललं, त्या चौकटीत खूण कर. आठवडाभरात चित्र आपोआप दिसेल. मग एक बदल कर : प्रश्न विचारल्यावर लगेच हात वर करायला सांगू नकोस. आधी जोडीत, आपल्या भाषेत बोलू दे, मग उत्तर घे. तुला पावरी येते, हे तुझं भांडवल आहे. निरीक्षक समोर बसलेले असले तरी ते वापर. पुन्हा खुणा कर आणि फरक बघ. हेच तुझं कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातला प्रश्न घेऊन बी.एड.साठी करायचा छोटा अभ्यास. फक्त विषयाचं शीर्षक ‘शिक्षकांकडून होणारा भेदभाव’ असं देऊ नकोस, मंजूर होणार नाही. ‘प्रश्नोत्तरांत सर्व विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवणे’ असं दे. काम तेच, पण कुणाच्या नाकाला झोंबणार नाही. मारहाण किंवा जातीवरून टोमणे दिसले, तर मात्र गुणांचा विचार करू नकोस. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. कॉलेजातल्या मेथडच्या (अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या) प्राध्यापकांना बरोबर घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. कलम २९सुद्धा वाचून ठेव. शक्य तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं, असं त्यात लिहिलंय. उद्या कुणी ‘हे नियमात बसत नाही’ म्हणालं, तर उपयोगी पडेल.

पुढचा रस्ता असा. टीईटीचा पेपर दोन (सहावी ते आठवीसाठी), मग शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं सरकारी संकेतस्थळ, पवित्र पोर्टल. सुरुवातीची तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी ठरावीक मानधनावर जातील. २०२३ मध्ये मानधन वाढून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० झालं. तेवढ्यात घर चालवणं सोपं नाही, हे घरी आधीच बोलून घे. नोकरी करता करता तुझ्या विषयात एम.ए. कर. बी.एड. कॉलेजात शिकवायचं, तर एम.ए. आणि एम.एड. दोन्हींत किमान ५५ टक्के लागतात, शिवाय सेट-नेट (प्राध्यापकांसाठीच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. डायटच्या जागा एमपीएससीतून भरतात.

संस्थांना माझा विरोध नाही. पालघर जिल्ह्यातल्या वाडा इथली क्वेस्ट, फलटणची प्रगत शिक्षण संस्था यांचं भाषा-शिक्षणातलं काम जाऊन बघण्यासारखं आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठात शिक्षण विषयात एम.ए. करता येतं, आणि घरची परिस्थिती पाहून शिष्यवृत्तीही मिळते. पण अनेक संस्थांचे प्रकल्प दोन-तीन वर्षांच्या निधीवर चालतात. मुलाखतीत बिनधास्त विचार : निधी किती वर्षांचा आहे? माझा आठवडा वर्गात जाणार की अहवाल लिहिण्यात?

एक सावधगिरी. नोकरीला लागल्यावर आदिवासी दिनाचं भाषण, नाचाचा कार्यक्रम आणि ‘तुमच्या पोरांना’ समजावण्याची जबाबदारी तुझ्याकडेच येईल. ते कर, पण त्याबरोबर वेळापत्रक आणि परीक्षा समितीतही जागा माग. कोण कुठे बसतं, कुणाला काय विचारलं जातं, हे तिथे ठरतं.

आणि हो, तुझं मन पहिली-दुसरीच्या वर्गांत असेल, तर आत्ताच ठरव. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बी.एड.वर पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही, त्यासाठी डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका लागतं. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांची पहिली टक्कर तिथेच होते, म्हणून आणखी दोन वर्षं गेली तरी मी हा पर्याय बाद करणार नाही. वडिलांना मात्र हे टीईटीचा निकाल लागल्यावर सांग.