तिसऱ्या भागाच्या उंबरठ्यावर

प्रिय लेखकमित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि मालिकेच्या तिसऱ्या भागाचा आराखडा, दोन्ही मिळाले. पहिल्या भागात दहा वर्षांची असलेली तुझी नायिका आता पंधरा वर्षांची झाली आहे. तिच्या घरातली मारहाण या भागात उघड होणार आहे, एका जवळच्या माणसाचा मृत्यू होणार आहे आणि ती पहिल्यांदाच कोणाच्या तरी प्रेमात पडणार आहे. हे सगळे वाचकांना पेलेल का, की काही गाळावे, असे तू विचारले आहेस. या प्रश्नामागे तुझा एक हिशेब दिसतो. पहिला भाग वाचलेली मुलेही तुझ्या नायिकेएवढीच मोठी झाली असतील, असे तू धरले आहेस. मला आधी त्या हिशेबाबद्दल लिहायचे आहे.

मालिका प्रसिद्ध होत असते तेवढ्याच काळापुरता हा हिशेब खरा असतो, आणि तेव्हाही तो पुरता जुळत नाही. ‘हॅरी पॉटर’चा पहिला भाग १९९७ मध्ये आला आणि सातवा २००७ मध्ये. कथेतला नायक अकराव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत वाढतो. पण अकराव्या वर्षी पहिला भाग वाचलेले मूल शेवटचा भाग हाती येईपर्यंत एकवीस वर्षांचे झाले होते. चौथ्या आणि पाचव्या भागांच्या मध्ये तर तीन वर्षे गेली. त्या पिढीला वाट पाहताना वाढायला जी उसंत मिळाली, ती नंतरच्या मुलांना मिळालेली नाही. आज नऊ वर्षांचे मूल सातही भाग एकाच सुट्टीत संपवू शकते. तुझी मालिका पूर्ण झाली की तिचेही हेच होईल, आणि तुझा तिसरा भाग उघडणारे मूल पहिल्या भागाच्या वेळी जेवढे होते त्याहून जेमतेम पंधरा दिवसांनी मोठे असेल. म्हणून वाचकाची तयारी काळावर सोपवू नकोस. ती आधीच्या पुस्तकांकडूनच करून घे.

ही तयारी कशी होते, हे त्याच मालिकेत पाहण्यासारखे आहे. नायकाचे आईवडील मारले गेले आहेत हे पहिल्याच प्रकरणात कळते, त्यामुळे मृत्यू त्या जगात मागाहून घुसत नाही. चौथ्या भागाच्या अखेरीस एक विद्यार्थी नायकाच्या डोळ्यांदेखत मारला जातो. पाचव्या भागात, इतकी वर्षे आपोआप चालतात असे वाटणाऱ्या शाळेच्या बग्ग्यांना काही प्राणी जुंपलेले असल्याचे त्याला प्रथमच दिसते, कारण ज्याने मृत्यू पाहिला आहे त्यालाच ते दिसतात. बग्ग्या पूर्वीच्याच आहेत, बदलली आहे ती पाहणाऱ्याची नजर. वाढत्या वयाची मालिका लिहिण्याचे मर्म मला इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुठे सापडले आहे.

तुझे पहिले दोन भाग छापून झाले आहेत, त्यामुळे त्यांत आता काही पेरता येणार नाही. तरीही ते पुन्हा वाच आणि आज वेगळा अर्थ लागू शकेल अशा जागा शोध. पहिल्या भागात वडील घरी आल्याची चाहूल लागताच धाकटा भाऊ खेळ आवरून ठेवतो, असे एक वाक्य आहे. तू ते सहज लिहिले असशील, पण तिसऱ्या भागातल्या मारहाणीचे मूळ मला तिथेच दिसले. नायिकेला तो प्रसंग पंधराव्या वर्षी आठवू दे आणि आपण तेव्हा काय पाहत होतो हे तिला उमगू दे. तिच्याबरोबर वाचकालाही ते उमगेल, मग त्याने ते वाक्य पाच वर्षांपूर्वी वाचलेले असो की गेल्या आठवड्यात.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. माझ्या एका मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकात मी नायकाच्या मित्राचा मृत्यू लिहिला होता. प्रसंग संयमाने लिहिला होता. रक्ताचा उल्लेखही नव्हता, त्यामुळे मी निश्चिंत होतो. पुढे एका लहान वाचकाच्या आईने कळवले की मुलाला त्या मृत्यूची भीती वाटली नाही. पुढच्या प्रकरणात सगळे पुन्हा खजिना शोधायला निघाले आणि मेलेल्या मित्राचे नावही कोणी काढले नाही, याचा त्याला त्रास झाला. आपण मेलो तर आपल्यालाही असेच विसरतील का, असे त्याने आईला विचारले होते. तेव्हापासून कठीण प्रसंग किती उघड लिहावा यापेक्षा त्याच्यानंतरची पाने किती द्यावीत, याचा विचार मी अधिक करतो. तुझ्या आराखड्यात मृत्यूनंतर लगेच पाठलाग आहे. मध्ये एक संथ प्रकरण घाल, ज्यात काही घडत नाही आणि माणसे फक्त एकमेकांजवळ असतात.

काय गाळावे, याचे सरसकट उत्तर मी देणार नाही. अमेरिकी लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर यांनी स्वतःच्या बालपणावरून लिहिलेल्या ‘लिटल हाउस’ मालिकेत १९३२ ते १९४३ या काळात आलेल्या पुस्तकांमधून नायिका लॉरा लहान मुलीपासून लग्नाच्या वयापर्यंत वाढते आणि तिच्याबरोबर भाषाही वाढत जाते. लेखिकेचा तान्हा भाऊ प्रत्यक्षात वारला होता. त्याचा त्या पुस्तकांत उल्लेखच नाही. मोठ्या बहिणीचे अंधत्व मात्र थोड्याच वाक्यांत येते, पण त्यानंतर लॉरा तिला आजूबाजूचे जग शब्दांत सांगू लागते आणि पुढची पुस्तके त्या एका गोष्टीने बदलून जातात. पुढच्या कथेवर ज्याचा असा परिणाम होणार आहे ते ठेव. केवळ पुस्तक ‘मोठे’ वाटावे म्हणून जे आले असेल ते काढ.

प्रेमाबद्दल थोडक्यात लिहितो. नायिका अल्पवयीन आहे, तेव्हा शारीरिक वर्णनाला तिथे जागा नाही. तिचा संकोच, तिची ओढ आणि नकार देण्याचा तिचा हक्क एवढ्यानेही ते प्रकरण भरून जाईल. मारहाण नायिकेला जेवढी दिसते आणि ऐकू येते तेवढीच दाखव, आणि तिने ज्या मोठ्या माणसाला ती सांगितली त्याने तिच्यावर विश्वास ठेवला, असा एक तरी प्रसंग असू दे. कारण तसेच काही सोसणारे मूल ते पान वाचणार आहे. नायिकेच्या मैत्रिणीच्या आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल तू समासात टीप केली आहेस. तिथे मी आग्रहाने सांगतो की साधनाचे आणि पद्धतीचे वर्णन मुळीच करू नकोस आणि तो सुटकेचा मार्ग भासेल असे काही लिहू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट आणि रंगभूमीवर काम करणाऱ्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेतही हीच काळजी आहे, आणि कादंबरीलाही ती तितकीच लागू पडते.

शेवटी मलपृष्ठाविषयी. ब्रिटनमध्ये ‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या तीन चित्रपटांना मिळालेले प्रमाणपत्र चौथ्याला मिळाले नाही, त्याला वरच्या वयोगटाचे मिळाले, त्यामुळे मालिकेने उंबरठा ओलांडल्याचे पालकांना तिकीट काढतानाच कळले. पुस्तकाला तशी सोय नसते. वयाचा आकडा छापण्याच्या मी विरोधात आहे, कारण हळू वाचणाऱ्या मोठ्या मुलाला तो लाजवतो आणि धीट लहान मुलाला अडवतो. त्याऐवजी या भागात घरातली हिंसा आणि मृत्यू येतात, हे मलपृष्ठावर साध्या शब्दांत लिहावे, असे प्रकाशकाला सुचव. पहिल्या भागाच्या मुखपृष्ठावरचे हसरे चित्र तिसऱ्यावर पुन्हा वापरू देऊ नकोस.

खर्डा झाला की पाठव. सोबत पहिल्या भागाची एक प्रतही असू दे. दोन्ही मी एकाच बैठकीत, मध्ये न उठता वाचणार आहे.

तुझा,
एक जुना लेखक