बेंगळुरूत नवीन असताना इथल्या लोकांची छोटी हॉटेलं कशी शोधायची?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला आलात, एचएसआर लेआउट या नव्या वसाहतीत राहता, ॲप उघडलं की तीच ती साखळी हॉटेलं समोर येतात आणि कन्नड अजिबात येत नाही. अशा वेळी इथल्याच माणसांनी चालवलेली छोटी हॉटेलं शोधायची कशी? मी मूळची नाशिकची. लग्नानंतर इथे आले, आता बसवनगुडीत घर आहे. या शहरातली छोटी हॉटेलं माझ्या फार जिव्हाळ्याची आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या हॉटेलांना आपापली वेळ असते. चार-पाच पदार्थ करायचे, ठरलेल्या वेळी विकायचे, संपले की भांडी घासून शटर ओढायचं. तुम्ही रात्री नऊ वाजता ऑफिसमधून येऊन ॲप उघडता, तोवर त्यांचा दिवस कधीच संपलेला असतो. त्या वेळी जे उघडं असतं तेच तुम्हाला दिसतं, आणि त्यात साखळी हॉटेलं जास्त असणारच. म्हणून हॉटेलांच्या नावांची यादी करत बसू नका. आधी या शहराचं खाण्याचं वेळापत्रक समजून घ्या आणि मग जुनी वस्ती गाठा.

सकाळ ही दर्शिनीची. दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचं छोटं हॉटेल: काउंटरवर पैसे भरून टोकन घ्यायचं, ताटली स्वतः उचलायची, उंच टेबलाशी उभं राहून खायचं आणि निघायचं. 1983 साली जयनगरमध्ये ‘कॅफे दर्शिनी’ सुरू झालं आणि पुढे या प्रकारच्या हॉटेलांना तेच नाव पडलं. आता प्रत्येक भागात दर्शिनी आहे, त्यामुळे चांगली कुठली हे ओळखता आलं पाहिजे. मी आधी कॉफीचं काउंटर बघते. कॉफीला वेगळा माणूस असेल, डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा गाळलेला दाट अर्क, थोडं थोडं उतरवलं जात असेल, दूध समोर उकळत असेल, तर आत इडलीकडेही तसंच लक्ष असतं असा माझा अनुभव आहे. मग गिऱ्हाईक बघायचं. सकाळी सातच्या सुमाराला बागेत फिरून आलेली म्हातारी मंडळी एकच कॉफी ‘बाय-टू’ करून पीत उभी असतील, तर निर्धास्त आत जा. बाय-टू म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत. इथे ते मागायला कुणाला संकोच वाटत नाही आणि देणाऱ्यालाही त्याचं काही वाटत नाही.

इडली-वडा मागितलात की ‘डिप की सेपरेट’ असं विचारतील. सांबारात बुडवून हवं की सांबार वेगळं हवं, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्यांदा जाल तेव्हा चौ चौ भात घ्या. एका ताटलीत खारा भात आणि केसरी भात, म्हणजे तिखट उपमा आणि गोड शिरा शेजारी शेजारी. या दोन्हींवरून स्वयंपाक्याचा हात कळतो.

शंकरपुरममधलं ब्राह्मिन्स कॉफी बार एकदा तरी बघून या. 1965 पासूनचं हॉटेल. इडली, वडा, खारा भात, केसरी भात आणि कॉफी-चहा, बाकी जवळपास काही नाही. सांबार मिळतच नाही! चटणी मात्र हवी तितकी. लोक ताटली घेऊन पुन्हा पुन्हा चटणीसाठी येतात. सकाळी चालू, दुपारी बंद, मग पुन्हा चालू. आजूबाजूला कट्ट्यावर, गाडीच्या बॉनेटवर ताटल्या ठेवून माणसं खात असतात. एवढी छोटी पदार्थांची यादी घेऊन एखादं हॉटेल इतकी वर्षं कसं टिकतं, हे तिथे उभं राहिल्यावर समजतं आणि मग बाकीची हॉटेलं बघायची नजर येते. यादी लांबलचक असली की मला आता शंका येते.

दुपार ही जेवणाची, आणि इथे तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे मिलिटरी हॉटेलं. नाव ऐकून कॅन्टीन वाटेल, पण ही मांसाहारी जेवणाची जुनी हॉटेलं. त्यातली बरीचशी मराठा कुटुंबांनी सुरू केली. 1638 नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होतं आणि तेव्हापासून मराठी माणसांची इथे ये-जा आणि वस्ती राहिली. घरात जुन्या वळणाची मराठी बोलणारी कुटुंबं आजही भेटतात. कॉटनपेठेतलं एस. जी. राव मिलिटरी हॉटेल 1908 चं, जयनगरमधलं शिवाजी मिलिटरी हॉटेल 1935 पासूनचं. इथली दोन्ने बिर्याणी खा. दोन्ने म्हणजे पानांचा द्रोण. बारीक जिरा सांबा तांदूळ, कोथिंबीर-पुदिन्याचा हिरवट मसाला, तूप, मटण. आपल्याला ओळखीच्या हैदराबादी बिर्याणीशी याचं काही नातं नाही. तिथे साडेबारापर्यंत पोचा. अडीच-तीनला गेलात तर रिकाम्या हाताने परत यावं लागेल. शहराबाहेर होस्कोटेला तर बिर्याणीसाठी पहाटे अंधारात रांगा लागतात. इथली वेळ किती काटेकोर असते ते यावरून लक्षात येईल.

शाकाहारी असाल तर दुपारी रागीमुद्दे शोधा. मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा गरम गोळा. तोडायचा, सारूत, म्हणजे पातळ आमटीत, बुडवायचा आणि न चावता गिळायचा. शेजारचा माणूस कसा खातो ते बघा, दोन घासांत जमतं. बरोबर बस्सारू असेल तर नशीब. पालेभाजी आणि कडधान्य शिजवून त्याचं पाणी काढायचं, त्या पाण्याची वाटलेल्या मसाल्यात आमटी करायची आणि निथळलेल्या भाजीची कोरडी भाजी. एका भांड्यातून दोन पदार्थ. हे पंचतारांकित ठिकाणी कधी चांगलं मिळत नाही. बाजाराजवळ, बसस्टँडजवळ, सरकारी कचेऱ्यांच्या मागे जिथे कामकरी माणसं जेवतात तिथे मिळतं.

फ्रेझर टाउनची अल्बर्ट बेकरी 1902 पासूनची. ती दुपारी उघडते. सकाळी जाऊन बंद दार बघून लोक परततात आणि बंद पडली असं समजतात. अय्यंगार बेकऱ्याही तिसऱ्या प्रहरी बघाव्यात. ‘बेंगलोर अय्यंगार बेकरी’ या पाट्या तुम्ही पुण्यात गल्लोगल्ली पाहिल्या असतील. इथे त्यांच्या माहेरी खारा बन आणि ‘काँग्रेस’ नावाचे मसालेदार शेंगदाणे घेऊन बघा. संध्याकाळी सज्जन राव सर्कलजवळ व्ही. व्ही. पुरमची खाऊगल्ली भरते. ती आता प्रसिद्ध झालीय, गर्दी फार असते, मला स्वतःला तिथे शांतपणे खाता येत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत जा, कारण तेव्हा अवरेकाईचा हंगाम असतो. अवरेकाई म्हणजे एक प्रकारच्या पावट्याच्या शेंगा. दाणे भिजवून एकेक सोलायचे, मग त्याचं सारू, उसळ, दोसा. त्या दिवसांत साध्यातलं साधं हॉटेलही फळ्यावर खडूने अवरेकाईचा पदार्थ लिहितं. जे हॉटेल हंगामाप्रमाणे फळा बदलतं, ते स्वतः बाजारात जाऊन माल आणतं असं समजायला हरकत नाही. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत शेंगदाण्यांची जत्रा भरते, कडलेकाई परिशे. तेव्हा या भागात पायी फिरा, गल्ल्या आपोआप कळतील.

आता जुनी वस्ती. तुम्ही म्हणाल, एचएसआर तर नवं लेआउट, तिथे जुनं काय असणार? आहे ना. बेंगळुरूची लेआउटं शेतजमिनीवर वसली, पण मधली गावठाणं तशीच राहिली. तुमच्या शेजारचं आगर हे असंच गाव. मडिवाळ, एजिपुर, बोम्मनहळ्ळी ही सगळी एके काळची खेडी. नकाशात नावाच्या शेवटी हळ्ळी, पाळ्य, संद्रा दिसलं की तिथे गावठाण असण्याची शक्यता धरा. रुंद सरळ रस्ते संपून अचानक वाकड्या अरुंद गल्ल्या लागतात, देऊळ दिसतं, दारासमोर रांगोळ्या दिसतात. अशा ठिकाणी दुकानाचं भाडं तुलनेने कमी असतं किंवा जागाच घरची असते. त्यामुळेच नवरा-बायको, एखादा भाऊ मिळून हॉटेल चालवू शकतात. मुख्य रस्त्यावरच्या गाळ्याचं भाडं फक्त इडली-कॉफीवर निघत नाही, म्हणून तिथे साखळीवालेच टिकतात. रविवारी सकाळी मोबाइल खिशात ठेवून आगरमध्ये तासभर फिरा, मग मडिवाळच्या भाजीबाजाराकडे जा. बाजारात पहाटेपासून राबणाऱ्यांना आठ वाजता सणकून भूक लागलेली असते. ते जिथे वळतात तिकडे तुम्ही वळा. बोम्मनहळ्ळीच्या बाजूला कपड्यांचे कारखाने आहेत, तिथल्या कामगारांसाठी असलेल्या खानावळीत स्वस्त आणि ताजं मिळतं.

कारण कुठल्याही वस्तीत कोण राहायला आलंय यावर तिथलं हॉटेल ठरतं. मडिवाळ आणि सुद्दगुंटे पाळ्यच्या बाजूला केरळची मुलं पुष्कळ, म्हणून तिकडे मल्याळी मेस. उत्तर कर्नाटकातून शिकायला आणि कामाला आलेली माणसं जिथे राहतात तिथे ज्वारीच्या भाकरीच्या खानावळी. घरची आठवण आली की तिथे जा. हातावर थापलेली भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, झुणका, ताक. सोलापूर-सांगलीकडच्या माणसाला तर ताट बघूनच घर आठवेल, आणि बऱ्याचदा वाढणाऱ्याला थोडं मराठीही येतं.

ॲप पूर्ण सोडा असं मी म्हणणार नाही, पण ते वापरताना एक गोष्ट तपासा. हॉटेलच्या पानावर खाली कायदेशीर नाव आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी परवाना क्रमांक असतो. बिर्याणीचं एक, पराठ्यांचं दुसरं, केकचं तिसरं अशी वेगवेगळ्या नावांची दुकानं दिसतात आणि क्रमांक मात्र एकच निघतो. म्हणजे स्वयंपाकघर एकच, पाट्या तीन. ते खाणं वाईट असेलच असं नाही, पण तुम्ही जे शोधताय ते हे नव्हे. नकाशावरची परीक्षणं वाचताना कन्नडमध्ये लिहिलेली आधी बघा, भाषांतराचं बटण असतंच. आणि फोटोंमध्ये पदार्थापेक्षा मागची माणसं बघा: कोण बसलंय, कुठल्या वयाचं, एकटं की कुटुंबासह.

कन्नड येत नाही याची काळजी करू नका, पण चार शब्द लगेच शिका. ‘येनिदे?’ म्हणजे काय आहे. ‘साकु’ म्हणजे पुरे, हा शब्द फार लागतो, कारण वाढणारे थांबत नाहीत. ‘स्वल्प’ म्हणजे थोडं. आणि ‘ऊटा आय्ता?’ म्हणजे जेवण झालं का. हे इथे भेटल्यावर सहज विचारतात. मालकाला अण्णा म्हणा, बाई असतील तर अम्मा किंवा अक्का. तुमच्या इमारतीतले वॉचमन, सकाळी दूध टाकणारे, रिक्षावाले यांना ‘तुम्ही कुठे जेवता?’ असंच विचारा. ‘चांगलं हॉटेल कुठलं?’ असं विचारलंत तर ते तुमचे कपडे बघून तुम्हाला परवडेल असं महागाचं ठिकाण सांगतील. प्रश्नातल्या या फरकाने मला या शहरातली माझी सगळ्यात आवडती दोन हॉटेलं मिळाली.

एखादं ठिकाण आवडलं की लगेच पुढचं शोधायला धावू नका. त्याच वेळी, त्याच हॉटेलात काही वेळा जा. ओळख झाली की कुठल्या दिवशी काय विशेष असतं ते मालक स्वतः सांगतो. पाटीवर न लिहिलेले पदार्थ असेच कळतात. कुणाचा चुलतभाऊ कुठे हॉटेल चालवतो हेही तिथेच कळतं आणि पुढचा पत्ता मिळतो. आणि शक्य असेल तेव्हा तिथे जाऊनच खा. ॲपचं कमिशन गेल्यावर छोट्या हॉटेलच्या हातात फार थोडं उरतं, आणि चाळीस मिनिटं डब्यात बसलेला दोसा हा दोसा राहत नाही.

जुनी नावाजलेली ठिकाणंही बघाच. गांधी बाजारातलं 1943 चं विद्यार्थी भवन, मल्लेश्वरमचं सीटीआर (सेंट्रल टिफिन रूम), लालबागजवळचं 1924 चं एमटीआर (मावळ्ळी टिफिन रूम), जिथे दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रवा इडली जन्माला आली. एमटीआरच्या आता शाखा झाल्या आहेत, तरी लालबागचं जुनं ठिकाण वेगळंच. एचएसआरहून मेट्रो किंवा बस बदलत यावं लागेल, तेव्हा निघण्याआधी सुटीचा वार बघून घ्या: विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद, लालबागचं एमटीआर सोमवारी आणि ब्राह्मिन्स कॉफी बार रविवारी.