मुलीच्या दातांना तारा बसवल्या आहेत. उपचार यशस्वी व्हावेत म्हणून घरी काय करावे?

तुमची मुलगी नववीत आहे, तारा बसवून दोन महिने झाले आहेत आणि उपचार दोन वर्षे चालणार असल्याने दहावी मध्येच येणार आहे. तोवर घरी काय करावे आणि दहावीच्या वर्षापुरत्या तारा काढून ठेवता येतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारा दंतवैद्य आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे: काढू नका. तसे का, हे समजले की पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यातच मिळते.

दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. तारेचा हलका दाब या थरावर पडत राहिला, की दाबाच्या बाजूचे हाड झिजू लागते आणि ताणाच्या बाजूला नवे हाड तयार होते. हे काम पेशींचे असल्याने ते त्यांच्याच गतीने चालते. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. दाब काही तास सलग टिकला नाही तर पेशी कामाला लागतच नाहीत, आणि दाब गरजेपेक्षा जास्त झाला तर त्या थरातला रक्तपुरवठा बंद पडून दात उलट काही आठवडे अडून बसतो. हलका पण अखंड दाब हवा तो यासाठी. उपचार रखडतात तेव्हा माझ्या पाहण्यात तरी बहुतेक वेळा हा दाब कुठेतरी खंडित झालेला असतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे वरच्या आणि खालच्या दातांमध्ये अडकवायची छोटी रबरे. डॉक्टरांनी ती दिवसभर लावायला सांगितली असतील, तर जेवण आणि दात घासणे सोडून ती तोंडातच असली पाहिजेत, आणि रबराचा ताण एका दिवसातच बराच उतरत असल्याने रोज नवी घेतली पाहिजेत. मुले ती शाळेत काढतात आणि रात्री लावतात. त्यामुळे दात नुसता मागेपुढे हलत राहतो, सैल होतो, दुखतो, आणि दुखतो म्हणून रबर पुन्हा काढले जाते. काही मुले तपासणीच्या आदल्या आठवड्यात भरपाई म्हणून दोन-दोन रबरे लावतात, जे न लावण्याहून वाईट आहे. काढ-घाल करता येणाऱ्या उपकरणांमध्ये तापमान नोंदवणारे सूक्ष्म संवेदक बसवून पाहिले गेले, तेव्हा मुले सांगतात त्यापेक्षा प्रत्यक्ष वापर बराच कमी असल्याचे दिसले. म्हणून ‘लावलेस का?’ असे विचारण्यापेक्षा रबरांची पिशवी किती दिवसांत संपली, यावर लक्ष ठेवावे. पारदर्शक अलाइनर (तारांऐवजी दातांवर चढवायचे, काढ-घाल करता येणारे प्लास्टिकचे साचे) वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. त्यांच्यासाठी दिवसाचे 20 ते 22 तास हा संकेत आहे.

ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) निघाले किंवा तार निसटली, तर त्या दातावरचा नियंत्रित दाब त्याच क्षणी संपतो. तरीही पुष्कळ घरांत ‘पुढच्या महिन्यात जायचेच आहे’ म्हणून थांबतात आणि जवळजवळ महिना वाया जातो. त्याच दिवशी दवाखान्यात फोन करावा. तारेचे टोक गालाला टोचत असेल तर भेट होईपर्यंत त्यावर ऑर्थोडॉन्टिक मेण लावावे. खाण्याच्या बाबतीत चिक्की, फुटाणे, कडक चकली, ऊस आणि बर्फ टाळावे; पेरू-सफरचंद बारीक चिरून खावे, कणसाचे दाणे सोलून. अभ्यास करताना पेनाचे टोपण चावण्याच्या सवयीनेही ब्रॅकेट निघतात, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वरण-भाजीतल्या हळदीने ब्रॅकेटवरच्या पारदर्शक रबरी कड्या पिवळ्या पडतात, पण त्याने अपाय काही होत नाही. मुलीला ते आवडत नसेल तर पुढच्या वेळी राखाडी किंवा रंगीत कड्या मागाव्यात.

स्वच्छतेबद्दल मात्र मी कठोर आहे. ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधल्या अरुंद पट्टीत अन्नाचा थर साचू दिला, तर सुमारे महिन्याभरातच दाताच्या आवरणावर पांढरे डाग दिसू लागतात, आणि तारा काढल्यावर सरळ झालेल्या दातांवर ब्रॅकेटची चौकट कायमची उमटलेली राहू शकते. फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरावी. ब्रश आधी ब्रॅकेटच्या वरून आणि मग खालून तिरका धरावा. तारेखालून छोटा इंटरडेंटल ब्रश फिरवावा. रात्री झोपेत लाळ कमी होते, म्हणून एखादी वेळ चुकलीच तर ती रात्रीची नसावी. हिरडीतून रक्त येते म्हणून मुले तिथे घासणे सोडतात, तेव्हा सूज वाढते, आणि ती फार वाढली तर आम्हाला उपचार थांबवावे लागतात.

दुखण्याविषयी थोडेच सांगतो: तार बदलल्यावर दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दुखते आणि चार-पाच दिवसांत ओसरते. गोळी लागलीच तर आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी.

तारा निघाल्या म्हणजे उपचार संपले, हा समज सर्वांत महाग पडतो. हिरडीतले ताणलेले लवचिक तंतू नव्या जागेशी जुळायला वर्षभर लागू शकते, तोवर ते दाताला मागे ओढत राहतात. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील एका अभ्यासात, जो 1981 साली प्रसिद्ध झाला, उपदाढा (सुळ्यांमागचे दात) काढून उपचार केलेल्या आणि रिटेनर (तारा निघाल्यावर दात नव्या जागी धरून ठेवणारे उपकरण) थांबवून किमान दहा वर्षे झालेल्या रुग्णांची पाहणी होती. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांच्या खालच्या पुढच्या दातांची रचना समाधानकारक राहिलेली नव्हती. त्यामुळे रिटेनर किती वर्षे, या प्रश्नाला माझे उत्तर ‘दात सरळ हवे असतील तोपर्यंत, निदान रात्री’ असेच असते. पारदर्शक रिटेनर गरम पाण्याने धुऊ नये, तो वाकडा होतो. आणि जेवताना काढला तर डबीतच ठेवावा, कारण कागदी रुमालात गुंडाळलेले रिटेनर ताटांबरोबर कचऱ्यात जातात.

आता पुन्हा दहावीकडे. वर्षभर तारा काढल्या तर दात परत सरकू लागतील आणि नंतर तेच अंतर पुन्हा कापावे लागेल. त्याऐवजी डॉक्टरांना परीक्षेच्या तारखा आधीच सांगाव्यात, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर नवी तार न घालता आधीचीच ठेवता येते आणि भेटींमधले अंतरही थोडे वाढवता येते. दहावीनंतर शिक्षणासाठी गाव बदलायची शक्यता असेल तर तेही आताच बोलावे. शहर सोडताना सुरुवातीचे साचे, एक्स-रे, छायाचित्रे आणि ब्रॅकेटची खाच 0.018 इंचाची आहे की 0.022 इंचाची, याची लेखी नोंद मागून घ्यावी; नव्या डॉक्टरांना पुढची तार निवडताना ती लागेल.