हेड न काढता क्रँक बदलता येतो का?

प्रश्न : माझ्या ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन गरम झालं की खालून ठोकतं आणि ऑइल प्रेशर पडतं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना चांगलं आहे. दुसरा क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) मिळालाय. हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि पिस्टन न काढता तो बसवता येईल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : येईल, पण इंजिन गाडीतून उतरवावंच लागेल. फ्लायव्हील आणि मागची प्लेट निघाल्याशिवाय मागची मेन कॅप (क्रँकला ब्लॉकशी धरून ठेवणारी पट्टी) सुटत नाही.

आधी चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उघडून तळ बघा. तेलात बेअरिंगचा चुरा चमकत असेल तर हेड न काढायचा विचार सोडा. तो चुरा ब्लॉकच्या ऑइल गॅलरीत (तेलाच्या आतल्या वाटांत) बसतो आणि नवे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्या) खातो. मग इंजिन पूर्ण खोलून गॅलरी धुण्याला पर्याय नाही.

तळ स्वच्छ असेल तर पुढे चला. रॉकर शाफ्टला हात लावू नका. त्याचे चार नट हेडही आवळून धरतात, ते सोडले की गॅस्केट गेलं. फक्त टॅपेटचे स्क्रू पूर्ण ढिले करा, म्हणजे व्हॉल्व्ह बंद राहतील. टायमिंग चेन उतरवून इंजिन उलटं केलं, की चारही पिस्टन बोअरच्या मध्यावर येतील असा क्रँक फिरवा. तिथे मेनच्या आणि रॉडच्या कॅप सोडून, रॉड थोडे आत सारून क्रँक सरळ उचलता येतो. पिस्टन पार टोकापर्यंत रेटू नका. झिजलेल्या बोअरच्या वरच्या काठाला रिंग अडकून तुटते. कॅप सोडण्याआधी नंबर ठोका.

मिळालेला क्रँक तसाच बसवू नका. उद्यमनगरात मायक्रोमीटरने मोजून आणि तडा तपासून घ्या. जर्नलचं (शेलमध्ये फिरणाऱ्या गोल भागाचं) मूळ माप मेनला २ इंच, बिगएंडला (जिथे रॉड क्रँकला जोडतो तिथे) १.८७५ इंच. ग्राइंडिंग १०, २०, ३० की ४० थाऊ (इंचाचा हजारावा भाग) झालंय, त्याच मापाचे शेल घ्या. जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई ग्राइंडिंगमध्ये उडाली असेल तर तो क्रँक परत करा, तो तिथूनच तुटतो. तेलाची भोकं तार घालून रॉकेलने धुवा. मागच्या टोकातला गिअरबॉक्स शाफ्टचा बुश नवा ठोका.

क्रँकची मागेपुढे हालचाल रोखणाऱ्या थ्रस्ट वॉशरचे चार अर्धे तुकडे मधल्या मेनला बसतात. त्यांच्या खाचा क्रँककडे हव्यात. उलटे बसले तर तेल मिळत नाही. मागेपुढे हालचाल २ ते ३ थाऊ. मेन कॅप ७० फूट-पौंडांवर आवळा, बिगएंडच्या ३५वर, लॉकपत्र्या नव्या. प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून बघा. जड झाला तर तीच कॅप उघडा.

या इंजिनला मागे रबरी सील नाही, क्रँकवरचे आटेच तेल परत ढकलतात. ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) तुंबला तर तेल क्लचवर येतं, म्हणून तोही साफ करा. टॅपेट पुन्हा सेट करा. मग प्लग काढून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत नुसता स्टार्टर मारा आणि त्यानंतरच प्लग लावा.