दिवा उशिरा का लागतो? आधी मोजू या

या महिन्यातली तीन पत्रं एकाच दुखण्याची आहेत: हुकूम दिला तरी घरातला स्मार्ट दिवा लागायला वेळ लावतो. पहिल्या पत्राला मी जास्त जागा देते आहे. तिथे प्रश्न एका वयस्कर माणसाच्या पडण्याचा आहे.

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. नाशिकला गंगापूर रोडवर आमचा फ्लॅट आहे. वडील ७९ वर्षांचे, रात्री दोन-तीनदा बाथरूमला उठतात. त्यांच्यासाठी पॅसेजमध्ये झिग्बीचा (घरातली उपकरणं बिनतारी जोडायची एक पद्धत) मोशन सेन्सर आणि स्मार्ट बल्ब बसवला. हॉलमध्ये तसेच आणखी तीन बल्ब आहेत, सगळ्यांना हुकूम देणारा हब टीव्हीच्या मागे. दिवसा चालून बघितलं की दिवा लगेच लागतो. रात्री मात्र दोन-दोन, चार-चार सेकंद जातात. बाबा पहिल्यांदा उठतात तेव्हा हमखास उशीर होतो, नंतर कधीकधी बरा चालतो. मागच्या आठवड्यात ते अंधारातच पुढे गेले आणि चौकटीला धडकले. खांद्यावर निभावलं. बसवणारे गृहस्थ दुपारी येऊन बघून गेले. म्हणाले, सगळं ठीक आहे, फार तर महागातला हब घ्या. घ्यावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: नका घेऊ. निदान आत्ता तरी नको. आणि पुढचं वाचण्याआधी एक काम करा: पॅसेजच्या सॉकेटला साधा झिरोचा दिवा लावा आणि रात्रभर जळू द्या. आपलं मोजमाप, दुरुस्ती, पुन्हा मोजमाप यात तीनेक आठवडे जातील. तोवर बाबांनी एक पाऊलसुद्धा अंधारात टाकू नये.

मी बावीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. मशीन दिवसपाळीला नीट चालतं आणि रात्रपाळीला अडतं अशी तक्रार आली, की आम्ही रात्रपाळीलाच जाऊन उभे राहायचो. तुमच्याकडे तपासणी दुपारी झाली, बिघाड रात्री होतो. तेव्हा दिवस आणि रात्र यांत तुमच्या घरात काय बदलतं, हे आधी शोधायचं.

झिग्बीचा रेडिओ सेकंदाला २,५०,००० बिट पाठवतो. त्याचा मोठ्यात मोठा निरोप १२७ बाइटचा, म्हणजे हवेतून जायला जेमतेम ४ मिलिसेकंद. पाठवण्याआधी हवा मोकळी आहे का हे ऐकणं, पोचपावतीची वाट बघणं, हे सगळं धरलं तरी एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे जायला दहा-पंधरा मिलिसेकंद पुरतात. मेशमध्ये, म्हणजे अशा उपकरणांच्या जाळ्यात, निरोप हातोहात पुढे जातो. तुमच्या घरात फार तर तीन हात लागतील. म्हणजे रेडिओच्या वाट्याला पन्नासेक मिलिसेकंद. दोनशे मिलिसेकंदांच्या आत दिवा लागला तर माणसाला तो लगेच लागल्यासारखाच वाटतो. मग तुमचे चार सेकंद जातात कुठे? इतका वेळ निरोप चालण्यात जात नाही, तो वाट हरवून पुन्हा शोधण्यात जातो.

माझा संशय हॉलच्या स्विचबोर्डावर आहे. झोपायला जाताना तुमच्याकडे हॉलचे दिवे फोनवरून बंद होतात की बोर्डावरचं बटण दाबून? बहुतेक घरांत बटण दाबूनच होतात, वर्षानुवर्षांची सवय आहे. पण झिग्बीत सतत वीज मिळणारी उपकरणंच दुसऱ्यांचे निरोप पुढे देतात. बॅटरीवरचा सेन्सर झोपलेला असतो, जाग आली की एका ठरलेल्या शेजाऱ्याला निरोप देतो आणि पुन्हा झोपतो. तो शेजारी म्हणजे हॉलमधला एखादा बल्ब असेल आणि बोर्डावरून त्याची वीजच तोडलेली असेल, तर सेन्सर रिकाम्या घराची कडी वाजवत बसतो. दोन-चारदा उत्तर आलं नाही की नवा शेजारी शोधतो. हबकडून पॅसेजच्या बल्बकडे जाणारी वाटही त्याच बंद बल्बावरून जात असेल तर तीही नव्यानं शोधावी लागते. तुम्ही लिहिलंत की पहिल्यांदा उशीर होतो, नंतर बरा चालतो. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ ती आहे. पहिल्या खेपेला वाट सापडते, दुसऱ्या खेपेला ती तयार असते. सकाळी हॉलचं बटण लागतं आणि रात्री सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पण हा झाला संशय. माझ्या सांगण्यावर एक रुपयाही खर्च करू नका, मोजून बघा. मोजायला लागणारं यंत्र तुमच्या खिशात आहे.

बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन असतं, सेकंदाला २४० फ्रेमचं. एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. सेन्सरपासून मीटरभर अंतरावर फरशीवर पांढरी चिकटपट्टी आडवी लावा. औषधाच्या दुकानातली कापडी पट्टी चांगली, ती अंधुक उजेडातही दिसते. झिरोच्या दिव्याचा उजेड तिच्यावर पडू द्या. फोन स्टुलावर असा टेकवा, की एकाच चौकटीत पट्टी, सेन्सर आणि बल्ब तिन्ही येतील. ॲपमध्ये जाऊन बल्बचा हळूहळू उजळण्याचा वेळ शून्य करा. तो अर्धा सेकंद असेल तर तुमचं सगळं मोजमाप त्यात बुडेल. आता मुलाला चालायला सांगा आणि चित्रण करा. मग पाऊल पट्टीवर आलेली फ्रेम शोधा, आणि बल्ब पहिल्यांदा उजळलेली फ्रेम शोधा. मोजायचा कंटाळा येत असेल तर संथ चाललेल्या भागावर घड्याळ धरा: सेकंदाला ३० फ्रेमनं दाखवलेला १ सेकंद म्हणजे खरे १२५ मिलिसेकंद. उजळल्यानंतर दिवा थरथरताना दिसेल, त्याला घाबरू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, साधा एलईडी त्यामुळे सेकंदाला शंभरदा मिणमिणतो, एरवी डोळ्याला ते कळत नाही.

काही सेन्सरमध्ये हालचाल टिपली की बारीक दिवा लुकलुकतो. तुमच्यात तो असेल तर काम फत्ते. पाऊल ते लुकलुक हा सेन्सरचा वेळ, लुकलुक ते बल्ब हा जाळ्याचा आणि हबचा. दोन्ही वेगळे लिहा. हा सेन्सर अंगाच्या उष्णतेवर चालतो. त्याच्या समोरून आडवं गेलेलं त्याला पटकन कळतं, सरळ त्याच्याकडे चालत आलेलं उशिरा कळतं. तुमचा सेन्सर पॅसेजच्या टोकाला बाबांच्या खोलीकडे तोंड करून असेल, तर तो बाजूच्या भिंतीवर घ्या. नाशिकच्या मे महिन्यात भिंती तापून अंगाइतक्या गरम झाल्या की तो आणखी मंद होतो, हेही ध्यानात ठेवा.

दोन वाचनांमध्ये किमान दोन मिनिटं थांबा. बॅटरी वाचवायला काही सेन्सर एकदा हालचाल सांगितली की मिनिटभर गप्प राहतात. भराभर चालत राहिलात तर वाटेल सेन्सर बिघडला.

वाचनं तीन पाळ्यांत घ्या. हॉलचं बटण चालू ठेवून दहा. बटण बंद करून दहा, पण ही एका दिवसात उरकू नका: रोज रात्री बटण बंद केल्यावर अर्ध्या तासानं जे पहिलं चालणं होईल, तेवढंच धरायचं. आणि वीज जाऊन परत आल्यावरची जमतील तितकी, कारण तेव्हा घरातली सगळी उपकरणं एकदम जागी होऊन एकमेकांना हाका मारत असतात. सरासरी काढू नका. नऊ वेळा १५० मिलिसेकंद आणि एकदा ४ सेकंद, यांची सरासरी अर्ध्या सेकंदाच्या आसपास येते आणि कागदावर खपून जाते. चौकटीला धडक बसली ती त्या दहाव्या वेळी. वाचनं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडा आणि शेवटच्या दोघांकडे बघा.

माझ्या आईच्या घरी, सांगलीला, मी हेच केलं होतं. बॅटरीवरच्या बटणाची तीस वाचनं घेतली. सत्तावीस वेळा २० ते ३० फ्रेम, म्हणजे ८३ ते १२५ मिलिसेकंद. तीन वेळा दोनशे फ्रेमच्या वर. ते तीन आकडे वहीत लिहिले तेव्हा वेळही लिहिली होती म्हणून बरं, तिन्ही वेळा शेजारच्या खोलीत भाचा व्हिडिओ बघत होता. आईचा वाय-फाय चॅनल १ वर होता आणि झिग्बीचा हब ११ वर. आकडे लांबचे वाटतात, पण दोघांची मोजणी वेगळी आहे. वाय-फायचा १ म्हणजे २४१२ मेगाहर्ट्झ, दोन्ही बाजूंना दहा-अकरा मेगाहर्ट्झ पसरलेला. झिग्बीचा ११ म्हणजे २४०५, म्हणजे बरोबर त्याच्या मांडीवर. वाय-फायच्या ११ ची जागा २४६२, त्याच्याखाली झिग्बीचे २१ ते २४ दबतात. मी हब २५ वर नेला, २४७५ ला. दोन उपकरणं नव्यानं जोडावी लागली, पण दोनशेच्या वरचं वाचन पुन्हा आलं नाही. तुमचा हब टीव्हीच्या मागून काढून कपाटाच्या वर उघड्यावर ठेवा, वाय-फायच्या डब्यापासून दीड-दोन मीटर लांब. एवढ्यानंही फरक पडतो आणि पैसे लागत नाहीत.

वाचनांनी माझा संशय खरा ठरवला, म्हणजे बटण बंद असतानाचेच आकडे मोठे आले, तर उपाय हबचा नाही. पॅसेजजवळच्या एखाद्या सॉकेटमध्ये झिग्बीचा स्मार्ट प्लग लावा. त्यावर काही चालवायची गरज नाही, त्याला नुसती वीज मिळत राहू द्या. मग सेन्सरची बॅटरी काढून पुन्हा घाला आणि त्याच जागी, पॅसेजमध्येच, त्याला नव्यानं जोडा. बहुतेक जण सेन्सर हॉलमध्ये सोफ्यावर बसून जोडतात आणि मग नेऊन चिकटवतात, आणि तो हॉलचाच शेजारी धरून बसतो. प्लग आणि हब दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर असू द्या. हॉलच्या बोर्डात बटणामागे बसणारा झिग्बीचा छोटा डबा (मॉड्यूल) टाकलात तर आणखी चांगलं. बटण तेच राहतं, बल्बांची वीज तुटत नाही, घरातल्या कुणाला सवय बदलावी लागत नाही. पण इलेक्ट्रिशियनकडून आधी बोर्डात न्यूट्रलची वायर आहे का बघून घ्या. न्यूट्रलशिवाय चालणारे मॉड्यूल सहसा दुसऱ्यांचे निरोप पुढे देत नाहीत, तुम्हाला तर तेच हवं आहे.

बदल केल्यावर पुन्हा त्याच तीन पाळ्यांतली वाचनं. बटण बंद असताना सलग दहा रात्री, एकही वाचन अर्ध्या सेकंदाच्या वर नाही, असं झालं तर झिरोचा दिवा काढायचा विचार करा. मी तुमच्या जागी असते तर तरीही ठेवला असता. वाचनांचा कागद मला पाठवा, मला खरंच बघायचा आहे.

प्रश्न: मी वाय-फायचा बल्ब लॅपटॉपवरून पिंग करून बघतो, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजतो. कधी ५ मिलिसेकंद, कधी ३००. राउटर खराब आहे का?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर: राउटर बहुधा ठणठणीत आहे. वीज वाचवायला वाय-फायची उपकरणं मध्ये मध्ये डुलकी घेतात. राउटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी हाक देतो, त्या हाकेला जागं झालं की आपल्यासाठी निरोप ठेवलाय का हे बल्ब विचारतो. दर तिसऱ्या हाकेलाच जागा होत असेल तर ३०० मिलिसेकंद सहज जातात. पिंग एकदा न करता शंभरदा कर, दर सेकंदाला एक, आणि आकडे कुठवर जातात ते बघ. तीनशेच्या बरेच वर गेले, किंवा काही पिंग हरवलेच, तर मग राउटरचं अंतर तपास. शिवाय पिंगचं उत्तर लवकर आलं म्हणून दिवाही लवकर लागेल असं नाही. ॲपमधला हुकूम बाहेरच्या सर्व्हरला जाऊन येत असेल तर तो वेळ पिंगमध्ये दिसत नाही. फोनचा मोबाइल डेटा बंद कर, राउटरची इंटरनेटची वायर काढ, मग बटण दाब. दिवा लागला नाही, तर तुझा हुकूम घराबाहेर फिरून येतोय.

प्रश्न: म्हापशाला आमचं छोटं होमस्टे आहे. अंगणातले १४ दिवे ब्लूटूथ मेशवर आहेत. संध्याकाळी लावले की एकेक करत लागतात, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: तुमचं ॲप चौदा दिव्यांना चौदा वेगळे निरोप पाठवत असणार. ब्लूटूथ मेशमध्ये एक निरोप सगळे ऐकतात आणि आवाजाच्या लाटेसारखा पुढे ढकलतात, त्यामुळे चौदा निरोप म्हणजे चौदा लाटा एकमेकींवर आदळतात. ॲपमध्ये ‘ग्रुप’ बनवा, चौदाही दिवे त्यात टाका आणि संध्याकाळचं वेळापत्रक त्या ग्रुपवर लावा. नुसता ‘सीन’ (दिव्यांची आधी ठरवून ठेवलेली मांडणी) किंवा यादी बनवली तर काही ॲप आतून पुन्हा एकेकालाच सांगतात, म्हणून बदल केल्यावर स्लो मोशनमध्ये अंगण एकदा चित्रित करा. पहिला आणि शेवटचा दिवा यांत ५० फ्रेमपेक्षा कमी अंतर आलं, की पाहुण्यांना सगळे एकदमच लागल्यासारखे दिसतील.